मॉलमधली हडळ आणि आमचे सुभेदार

काल माझा अख्खा रविवार एका हडळीने खाल्ला. इथेच, दिल्लीतल्या द्वारकेच्या मॉलमध्ये... भर दुपारी.

झालं असं की आमच्या मुक्ताला, म्हणजे अकरावीतल्या लेकीला, गेम झोनमध्ये आलेलं नवं पिनबॉल मशीन बघायचं होतं. हॉरर थीमवालं. नवरा टूरवर, बाहेर हवा अशी की खिडकी उघडायची सोय नाही, आणि अप्पांना घरी एकटं ठेवता येत नाही. मग काय, निघाली आमची वरात!

अप्पा म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. दिवाळीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. देवाच्या दयेने उठले, चालायला लागले... पण उजवा हात जो जॅकेटच्या खिशात गेला, तो गेलाच.

फिजिओवाला सांगून थकला, बोटं चालवा, आत्ता नाही चालवलीत तर हात कायमचा असाच राहील. त्याने दाबायला दिलेल्या स्पंजच्या बॉलला अप्पांनी शिवूनसुद्धा बघितलं नाही. मी गोड बोलले, चिडले, एकदा तर रडले. उत्तर एकच... "सूनबाई, तुमचं चालू द्या."

तुमचं चालू द्या! डोकं फिरतं हो माझं.

असो. तर ते मशीन. केवढं ते धूड! वर हवेलीचं चित्र, त्यात केस मोकळे सोडलेली हडळ, आणि खाली काचेच्या आत उतरता पाट. त्यावर विहीर, स्मशान, कुरकुरणारे दरवाजे, सगळं साग्रसंगीत.

स्प्रिंगचा दांडा ओढला की स्टीलची गोळी वर सुटते. ती घरंगळत खाली आली की दोन्ही बाजूंची बटणं दाबायची, आत पट्ट्या उडतात आणि गोळी परत वर जाते. चुकलात की गोळी खालच्या भोकात, आणि हडळ डोळे लाल करून हसते. काय ते हसणं, मेलं!

"आई, हडळ म्हणजे?" इति मुक्ता. दिल्लीत वाढलेलं लेकरू... "चुडैल" म्हटल्यावर ट्यूब पेटली.

माझं फर्स्ट इम्प्रेशन विचाराल तर, निव्वळ डोकेदुखी. दिवे डोळ्यांत, किंचाळ्या कानात, आणि गोळी दिसेपर्यंत ती गेलेली असते. एकदा विहिरीच्या काठावर अडकून बसली, तेव्हा मी घरच्या मिक्सरला घालते तसा मशीनला एक धपाटा घातला.

झालं! बटणं मेली, दिवे विझले, आणि गोळी माझ्यादेखत आरामात खाली. जोरात हलवलं की हे मशीन रुसतं म्हणे, मला काय माहीत? वर ती बया हसलीच. मुक्ता म्हणाली, "आई यार, प्लीज..." आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

अप्पा बाकावर बसून सगळं बघत होते. काय वाटलं कोण जाणे, उठून आले आणि डावा हात डाव्या बटणावर ठेवून उभे राहिले. मुक्ता धावत आली, "आजोबा, राइटवालं मी दाबते." म्हटलं चलो, निदान बाकावरून उठले तरी.

पण आजोबा-नातीचं काही जमेना. मुक्ताचा एक डोळा फोनवर, त्यामुळे गोळी दर वेळी उजवीकडूनच निसटायची. हडळ हसायची, अप्पांचा चेहरा लाल व्हायचा, आणि मला त्यांच्या बीपीची काळजी. "अहो अप्पा, पुरे आता, घरी जाऊ या," मी दोनदा म्हणाले. कोण ऐकतंय!

"कोणावर हसते गं?" अप्पा त्या चित्रावर खेकसले. मग मुक्ताला कोपराने ढोसलं, "सरक तू." आणि डाव्या हाताने उजवा हात खिशातून बाहेर काढला... एखादी वस्तू ठेवावी तसा उचलून बटणावर ठेवला.

चार लोकांत तो हात पहिल्यांदाच बाहेर आला होता. केवढा वाळला होता...

बोट हललं, पण उशिरा. गोळी गेली, ती हसली. परत उशिरा, परत हसली. मला तर वाटलं त्या मशीनची वायरच उपटून टाकावी. मुक्ताने फोन कधी बॅगेत टाकला, कळलंच नाही.

अप्पा दातओठ खात वाकले. आणि एकदाची ती उजवी पट्टी खाडकन उठली... गोळी थेट हवेलीच्या दारावर!

"अब हँस!" आमचे सुभेदारसाहेब असे गरजले की सगळा गेम झोन वळून बघायला लागला. मुक्ता उड्या मारत होती. मी ओढणीने नाक पुसत होते, लाजबीज काही वाटली नाही.

चमत्कार वगैरे नाही हं. पुढची गोळी गेलीच, तिच्या पुढचीही गेली. पण गाडीत बसल्यावर हात खिशात गेला नाही, मांडीवर राहिला.

आज सकाळी चहा घेऊन गेले तर स्पंजचा बॉल त्यांच्या उजव्या मुठीत. मी बघून न बघितल्यासारखं करत चहा ठेवला, मेलं दृष्ट लागायची. त्यांनीच विचारलं, "सूनबाई, ती बाई रोज असते का रविवारीच?"

बघा! दिवाळीपासून मी हातापाया पडतेय, प्रेमाने सांगतेय, तर तुमचं चालू द्या. आणि ती परकी बाई तोंडावर फिदीफिदी हसली, तर लगेच बोटं चालायला लागली. राग येतोय मला, खरंच येतोय.

पण पुढच्या वेळी जाताना पर्समध्ये खण-नारळ घेणार आहे. मुक्ता काय म्हणायचं ते म्हणो... त्या हडळीची ओटी भरायलाच हवी.