लाईन दिली

आमच्या वऱ्हाडात एका इंग्रजी शब्दावर अर्धा संसार चालतो. वीज म्हणजे लाईन. गेली की 'लाईन गेली', आली की 'लाईन आली'. रेशनच्या दुकानापुढे उभं राहायचं तीही लाईन. बडनेऱ्याहून अकोल्याकडे गाडी जाते तीही लाईन. आणि स्थळ पाहायचं असलं की, "पोरगा कोन्त्या लाईनमदी हाय?" माझ्या वेळी मामांनी हेच विचारलं. उत्तर आलं, "लाईनच्याच लाईनमदी." सगळे हसले, मीही हसले.

आमचे हे तिवस्याजवळच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. त्यांचा एक नियम होता. खांबावर चढणाऱ्यानं आपल्या मोटरसायकलची चावी यांच्या टेबलावर ठेवायची आणि काम झालं की स्वतः येऊन उचलायची. तोवर लाईन द्यायची नाही, मग देव आला तरी. रजिस्टरात सही असायचीच, पण यांचा भरवसा चावीवर.

त्या वर्षांत दिवसा लाईन जेमतेम मिळायची. हरभरा सुकत होता, माणसं फाटकाशी येऊन बसायची. त्या दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा हे बाहेर त्यांनाच समजावत होते. तेवढ्यात लाईनमन भाई आत आले. आमचे शेजारीच ते. ईदला शिरखुर्मा त्यांच्याच घरून यायचा. चावी उचलत म्हणाले, "भाभी, इथलं झालं. नाल्यापाशी अजून एक तार तुटली हाय, दूर हाय, गाडी लागते. त्याइले सांगजा, मी आल्याबिगर लाईन देऊ नोका."

मी हो म्हटलं. पोळ्या गार होत होत्या. हे आत आले, टेबलाकडे पाहिलं. "भाई चावी घेऊन गेला?"

"हो, आत्ताच," मी म्हटलं आणि डबा उघडायला लागले.

बाहेर गलका वाढला होता. यांनी लाईन दिली. फाटकाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन वाजला तेव्हा मला निरोप आठवला.

भाई वाचले नाहीत. मला रडू आलं नाही. त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसले, तिनं माझा हात घट्ट धरला, तेव्हाही नाही. हात कुणा दुसरीचा असावा तसा मी तो तिच्याजवळ राहू दिला.

चौकशीत यांनी लिहून दिलं, 'चावी टेबलावर दिसली नाही, मी खात्री केली नाही.' खोलीत मी होते, हे लिहिलंच नाही. नोकरी गेली. आम्ही अकोल्याला जठारपेठेत आलो, हे एका दुकानात बसू लागले. कुणी विचारलं तर मी सांगते, लाईन बदलली.

बरीच वर्षं झाली. हे पहिल्यासारखेच बोलतात, भाजीत मीठ जास्त पडलं तर चिडतात. फक्त भाई जाताना काय म्हणाले होते, हे त्यांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.