सासूबाईंनी फॉर्मवर खाडाखोड केली

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली!

दुपारी सासूबाईंना घेऊन पार्ल्याच्या एका कॉलेजात गेले होते. तिथे मोठ्या माणसांसाठी सहा महिन्यांचे कोर्स आहेत. विज्ञान, व्यवसाय, बालशिक्षण, काय हवं ते घ्या. दहावी पास असलं की झालं.

सासूबाई वेसाव्याच्या बाजारात मासळी विकतात. म्हणून मी त्यांना न विचारताच फॉर्मवर 'व्यवसाय' लिहून टाकलं होतं.

काउंटरवर त्यांनी तो वाचला. "धंदा मला येतो गं. तो काय शिकायचा?" असं म्हणून माझं पेन घेतलं, ते खोडलं आणि 'बालशिक्षण' लिहिलं.

काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "मावशी, मुलांना शिकवायचा काही अनुभव?"

"बाजारातल्या बायकांची पोरं माझ्याजवळच बसतात ना. त्यांना पाच-पाच बोंबलांचे वाटे लावायला देते. वाटे मोजता मोजता पाचाचा पाढा येतो." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिचा मुलगा पण तसाच शिकला."

मला खरंच माहीत नव्हतं. त्या पाढ्यासाठी मी प्ले-स्कूलच्या टीचरला पेढे देऊन आले होते यार!

अ‍ॅडमिशन झालं. येताना पेढे घेतले आणि पहिला सासूबाईंना भरवला. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा स्वतःच उचलला.

तुम्हाला मोजायला खरं कोणी शिकवलं? नीट आठवा. तुमचेही पेढे चुकीच्या घरी गेले असतील.