शेवटच्या खेपेचं ओवाळणं

आमच्या पणदऱ्यात ऊसतोड संपली, की शेवटच्या खेपेचा ट्रॅक्टर सजवत्यात. माळा, फुगे, गुलाल आन कानठळ्या बसवणारी गाणी. ज्यानं हंगामात सगळ्यात जास्त ऊस वढला, त्या ड्रायव्हरला फेटा बांधत्यात, आन मानाची सवाष्ण त्याला ओवाळती. औंदा तो मान माझ्या थोरल्या जावंला, प्रयागबाईला, म्हंजी आमच्या आक्काला दिला. दिला कसला, डोक्यावर थापला!

कारण फेटा बांधून घेणारा युवराज होता. त्याचा मुडदा बशिवला त्याचा! दिवाळीनंतर त्यानंच आक्काच्या लेकीला, छकुलीला उडवलं. पोरगी बारामतीला कॉलेजला जायला निघालेली, एसटी धरायला, रस्त्याच्या पार कडंनं चालत. ह्याच्या मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगानं बाहेर आलेला, आन एक हात फोनवर. मागची ट्रॉली हेलकावली आन पोरगी खाली. थांबला तरी का? गाणी चालू होती, कळलंच न्हाय म्हणं!

छकुलीच्या पायात सळई घातली. आता कुबडीवर चालती. शेजारच्या म्हशीनं मेथीचा वाफा खाल्ला तरी ब्र न काढणारी आक्का पोलीस ठाण्यात जाऊन बसली, तक्रार घेईस्तोवर उठली न्हाय. काय उपेग? युवराज जामिनावर सुटला आन लगीच ट्रॅक्टरवर चढला. शेळी चोरली असती तर जास्त दिवस आत बसला असता. चालत्या माणसाच्या जिवाची एवढीच किंमत हाय व्हय ह्या कायद्यात?

मग आमचे चुलतसासरे बापूसाहेब आले. युवराज त्यांच्या मेव्हण्याचा नातू.

"प्रयागा, पोरगी वाचली न्हवं? त्याला ओवाळ आन तक्रार माघारी घे. आपल्यात ओवाळलं की मिटलं."

"ताट घिऊन येते, मामंजी," आक्का म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आक्का, तुमास्नी काय वाटतं का न्हाय?" मी भांडले. ती ताट घासत बसली.

त्या दिवशी देवळापुढं सगळं गाव जमलं. युवराज सीटवर ऐटीत बसलेला. आक्का निरांजन लावून ट्रॅक्टरपुढं आली आन म्हणाली, "आधी ती गाणी बंद करा." गाणी बंद झाली. बापूसाहेब खूश.

तिनं हाक मारली. छकुली कुबडी टेकत गर्दीतनं पुढं आली. आक्कानं युवराजाकडं पाठ केली आन लेकीला कुंकू लावून ओवाळलं.

"रस्त्यावरनं जिती आली तिला ओवाळायचं," ती म्हणाली. "ह्याला कशापायी? मामंजी, तक्रार माघारी जाणार न्हाय. माणूस उडवून पळालेल्याच्या हातात परत स्टेरिंग देणारा कायदा बदलंस्तोवर मी आमदारसाहेबांच्या दारात बसणार. विधानसभेच्या दारात जावं लागलं तरी जाईन."

"बाईमाणसानं भर गावात तमाशा करू नये," बापूसाहेब गरजले. फेटा त्यांच्या हातातच राहिला.

तेवढ्यात म्हातारी साखरबाई पुढं झाली. तिचा ज्ञानेश असल्याच ट्रॉलीखाली मेला, त्याला बरीच वर्षं झाली. केस कधी झालीच न्हाय, आन का झाली न्हाय ते आमी कुणी विचारलं बी न्हाय. तिनं छकुलीला कुंकू लावलं आन बापूसाहेबांकडं बघितलं.

"मला बी तुमीच ताट दिलं होतं," ती म्हणाली. "आन मी ओवाळलं. माझ्या लेकाला मारणाऱ्याला मी ह्या हातानं ओवाळलं."