पापणी न हलवणारा तेयो

आमच्या गावात मर्दुमकीची एकच परीक्षा होती आणि ती देवाच्या नावावर खपवली जायची. कार्निव्हलच्या मंगळवारी लांब दांड्याच्या घणाच्या तोंडावर गंधकाच्या स्फोटक मसाल्याची पुडी बांधायची, रेल्वेच्या जुन्या रुळाच्या तुकड्यावर तो घण हाणायचा आणि कानठळ्या बसल्या की आमचा संत सान हुआनितो प्रसन्न झाला असं समजायचं. सान हुआनितोला कुणी विचारलं नव्हतं. त्याची मूर्ती त्या दिवशी कडीकुलपात असायची.

पण नुसता घण काय, कुणीही मारतो. आमच्याकडे किंमत होती ती पापणीला. मैदानाच्या कडेला बाकावर तीन म्हातारे बसायचे, तिघेही एके काळचे नामांकित घणवाले. स्फोटाच्या क्षणी मारणाऱ्याची पापणी लवली की नाही, याचा निकाल ते द्यायचे. लवली, तर त्या माणसाने झालरवाला एप्रन बांधून संध्याकाळपर्यंत गावाला डुकराचं मटण आणि मक्याच्या तोर्तिया वाढायच्या. भल्याभल्या दांडगटांनी तो एप्रन बांधलाय आणि पुढे महिनाभर गल्लीतून मान खाली घालून चाललेत.

एलेउतेरिओ आर्रिआगाला, म्हणजे तेयोला, तो एप्रन कधी शिवलासुद्धा नव्हता. गाव त्याला टक्क डोळ्यांचं घुबड म्हणायचं आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची. एरवी तो शेळीचं दूध तांब्याच्या कढईत आटवून काहेता करायचा. ती इतकी उत्तम व्हायची की सेलाया शहराहून लोक बरण्या न्यायला यायचे, पण त्याचं त्याला काही वाटायचं नाही. माणसाला देवाने दिलेल्या गुणापेक्षा स्वतः कमावलेल्या मूर्खपणाचा अभिमान जास्त.

गेल्या वर्षीच्या मंगळवारी त्याने नेहमीपेक्षा मोठी पुडी बांधली. धमाका असा झाला की घणाचा दांडा वाकला आणि तेयो मागे फेकला गेला, पण डोळे टक्क उघडे. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. बाकावरून निकाल आला, "घुबड ते घुबड." लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले.

मग थोड्या दिवसांनी त्याच्या डाव्या डोळ्यापुढे काळ्या माश्या तरंगायला लागल्या आणि कोपऱ्यात प्रकाश चमकायला लागला. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. पण आमच्याकडे या चमकण्याला सान हुआनितोचे काजवे म्हणतात. ते ज्याला दिसतात त्याच्यावर संताची मर्जी. तेयोने ही बातमी स्वतः दारोदार सांगितली, लोकांनी त्याला दारू पाजली आणि एका बाईने त्याच्याकडून पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतला.

काजव्यांमागून पडदा आला. खालून काळोख चढत चढत डोळ्याच्या मध्यापर्यंत पोचला तरी गडी गप्प. शेवटी एक दिवस त्याने कढईतली काहेता बरणीच्या बाजूला, थेट टेबलावर ओतली. त्याची बायको चोले हे बघत उभी होती. चोलेच्या जिभेला हाड नाही, पण त्या वेळी तिने सरळ त्याच्या दंडाला धरलं आणि बसमध्ये बसवलं.

सेलायाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं की चमकायला लागल्या लागल्या का आला नाहीत. तेयोने काजव्यांचं सांगितलं. बाई म्हणाल्या की स्फोटाचा दाब हवेतून येतो आणि डोळा क्षणभर चेपतो. बाहेर साल निघत नाही, पण आतला पडदा भिंतीपासून सुटतो, कढईला धक्का लागला की साय सुटते तसा. लगेच आला असतात तर बहुधा चिकटवता आला असता. आता पडदा आकसला होता, तो डोळा परत यायचा नव्हता.

"म्हणजे पापणी मिटली असती तर?" चोलेने विचारलं.

"उडणारे कण तरी अडले असते. दाब पापणीला विचारत नाही. जाड चष्मा घाला, मसाला कमी घ्या," बाई म्हणाल्या, "आणि माझं ऐकाल तर घरी बसा."

परतीच्या बसमध्ये तेयोने बायकोला शपथ घातली की गावात कुणाला कळता कामा नये, पोरीलाही नाही. डोळा दिसायला धड होता, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नव्हता.

पोर म्हणजे यारेली. बावीस वर्षांची, बापाच्या हाताखाली काहेता शिकलेली आणि बापाचा सगळा हट्ट व्याजासकट घेतलेली. कार्निव्हल जवळ आला तशी तिने जेवताना जाहीर केलं की यंदा ती घण मारणार. घुबडाच्या पोटी घुबडच, हे गावाला दाखवायचं होतं तिला. बायकांनी घण मारायचा नाही असं कुठे लिहिलंय, असंही म्हणाली. लिहिलेलं कुठेच काही नव्हतं.

तेयो आधी नाही म्हणाला. ती म्हणाली, मुलगी म्हणून ना? तो म्हणाला, तसं नाही. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून ग्राइंडरवाले घालतात तसला जाड चष्मा घेऊन आला आणि हळूच तिच्यापुढे ठेवला.

"तुम्ही घातला होता कधी, पापा?"

"मी गाढव होतो."

"गाव तर घुबड म्हणतं," ती म्हणाली आणि चष्मा त्याच्याकडे सरकवून निघून गेली.

चोले चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "तेयो, तुझी लाज मोठी की तिचे डोळे? ठरव. मी शपथ पाळतेय ती फक्त मंगळवारपर्यंत."

तेयोला रडू आलं. एका डोळ्याने काही दिसत नसलं तरी पाणी दोन्ही डोळ्यांना सारखंच आलं आणि त्याचाही त्याला राग आला. त्याला पोरीची भीती वाटत होती, तिच्या नजरेतून उतरण्याची. दुसरं कारण नव्हतं.

मंगळवारी बापाने आधी मारायचं ठरलं, मानाप्रमाणे. मैदान भरलं होतं, बाकावर तिघे म्हातारे टेकले होते. यारेली आपला घण घेऊन पुढेच उभी होती. तेयोने पुडी सोडली, निम्मा मसाला मातीत सांडला, उरलेला बांधला. लोकांत कुजबुज सुरू झाली. मग त्याने खिशातून तो जाड चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. त्याने घण उचलला, मान बाजूला वळवली, कडू औषध पिणाऱ्या पोरासारखे डोळे गच्च मिटले आणि हाणला.

धमाका बेताचाच झाला. हसणं त्याहून मोठं झालं. पोटं धरधरून लोक हसले. तेयो चालत बाकाकडे गेला, खुंटीवरचा झालरवाला एप्रन काढला आणि स्वतःच्या हाताने कमरेला बांधला.

"हसा," तो म्हणाला. "हसतील त्यांचे दात दिसतील. मला मात्र निम्म्यांचेच दिसतील. हा डावा डोळा गेल्या वर्षी याच रुळापाशी गेला. मरणाऱ्या डोळ्यातल्या चमकण्याला तुम्ही काजवे म्हणालात आणि मी त्यावर फुकट दारू प्यायलो."

यारेलीचा चेहरा उतरला. वर्षभर त्याच्या डाव्या हाताला बसून ती त्याला तोर्तिया पुढे करायची आणि तो घ्यायचा नाही. बाप आपल्यावर रुसतो, असं ती धरून चालली होती.

बाकावर मधोमध बसलेला क्रेसेन्सिओ म्हातारा काठीवर पुढे झुकला. गेली वीस वर्षं पापणीचा शेवटचा शब्द त्याचा. "तुझा डावा का," तो म्हणाला. "माझा उजवा. तरणा होतो तेव्हाच गेला."

त्याच्या शेजारचा म्हातारा खाकरला. तिसऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"तिघांचेही?" यारेलीने विचारलं. "मग इतकी वर्षं पापणी लवली की नाही ते तुम्ही बघत कसे होतात?"

"बघतंय कोण, पोरी. धमाका मोठा झाला की पापणी लवली नाही म्हणायचो," क्रेसेन्सिओ म्हणाला.

गर्दीतले दोनचार बाप्ये आपापला एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने समोर बघायला लागले, दिसतंय का नाही ते तपासत. एकाने हात बदलला आणि तिथेच मटकन खाली बसला. चोले त्याच्याकडे धावली.

यारेलीने आपला घण रुळावर आडवा ठेवला, पुडी सोडली आणि मसाला बापाने सांडला तिथेच सांडला, सगळा. मग ती वळसा घालून तेयोच्या उजव्या बाजूला आली आणि तिथून त्याचा हात धरला.