धनेशाच्या झाडासमोरचे चार दिवस

आमच्या भावोजींना चढावर कधी धाप लागत नाही. कौतुक केलं की मात्र लागते. डोंगरावरच्या जंगलात पाहुण्यांना पक्षी दाखवणं हा त्यांचा धंदा. शिळेवरून पक्षी, पावलांवरून जनावर आणि बुटांवरून पाहुणा ओळखणारा हा माणूस, पण घरातला साखरेचा डबा त्यांना सापडत नाही. "दुर्बीण लावून बघा," ताई शांतपणे सुचवते.

एक झाड मात्र त्यांनी अकरा वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची मादी अंडी घालायला शिरायची, दार आतून लिंपून घ्यायची आणि चोच मावेल एवढीच फट ठेवायची. आत तिची पिसं झडायची. तिला आणि पिल्लांना नर बाहेरून फळं भरवायचा.

"याला म्हणतात नवरा," ताई ऐकवायची.

"त्याची बायको तीन महिने बाहेर येत नाही, हेही बघ," भावोजी म्हणायचे.

मग एक फोटोग्राफर आला. गळ्यात दोन कॅमेरे, जिभेवर मध. "एवढा जाणकार माणूस मी आजवर पाहिला नाही," तो म्हणाला, आणि अकरा वर्षांचं गुपित दोन घोट चहात विरघळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडासमोर हिरव्या कापडाचा आडोसा उभा राहिला. भावोजी स्वतः जिथून बघायचे, त्याच्या निम्म्या अंतरावर.

नर आला, पण ढोलीकडे न जाता पलीकडच्या फांदीवर बसला. गळ्यात साठवलेलं फळ चोचीच्या टोकाशी आणायचा, मान वाकडी करून आडोशाकडे बघायचा आणि फळ पुन्हा गिळायचा. शेवटी तसाच उडून गेला.

"बिचकलाय तो," भावोजी कुजबुजले. "आवरू या."

"दहाच मिनिटं. तुमच्यासारखा माणूस बरोबर असताना कशाला घाई?"

भावोजी बसले. दहा मिनिटांचे चार दिवस झाले.

पाहुणा गेल्यावर दोन दिवसांनी ते एकटेच गेले. ढोलीचं लिंपण फुटून बुंध्याशी पडलं होतं. उडता न येणारी मादी खालच्या फांदीवर बसली होती. ढोलीतून पिल्लांचा आवाज येत नव्हता. दुपारी नर आला, मादीला त्याने एकेक फळ भरवलं. ढोलीकडे दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. ते जोडपं त्या झाडावर परत आलं नाही. आला तो फक्त फोटो, चांगल्या चौकटीत, मागे आभाराच्या दोन ओळी. ताईने तो कपाटामागे सारून ठेवला होता. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा भावोजींनी तो काढून माझ्यापुढे धरला.

"फोटो सुरेख आहे," मी मूर्खासारखा बोलून गेलो.

"आहेच. चोचीतलं फळ बघ किती स्पष्ट आलंय." त्यांनी काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "मला पहिल्याच तासाला कळलं होतं रे. मी नुसता उठून चालायला लागलो असतो, तरी तो फोटोवाला माझ्या मागे आला असता. त्याला एकट्याला वाटसुद्धा ठाऊक नव्हती."