जुना ससाणा

दम्मामच्या एका विद्यापीठात मी एसी दुरुस्त करायचो. तिथल्या लाँड्रीत रत्नागिरीकडचा एक अबोल माणूस होता. सामन्याच्या दिवशी तो वेश घालून विद्यापीठाच्या संघाचा शुभंकर, म्हणजे ससाणा व्हायचा. भलंमोठं डोकं चढवून उकाड्यात नाचायचा आणि शेवटी हरलेल्या संघापुढे पंख टेकवायचा. ती तिथली जुनी रीत होती.

यंदा नवा वेश आला, तो घालायला विद्यार्थी मिळाला. जुना कचऱ्यात टाकायचं काम लाँड्रीतल्या त्या माणसाच्याच गळ्यात पडलं. मी लाँड्रीत गेलो तेव्हा तो धुतलेल्या ससाण्याचा फाटका पंख शिवत होता.

"अरे, टाकायचाच आहे ना?"

"होय. पण असा फाटका कसा पाठवू?"

त्याने दोरा दाताने तोडला, वेश पांढऱ्या चादरीत गुंडाळला. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं उचललं.