झाखारला बिछान्यात मरायचं होतं

आमच्या थोरल्या भावाच्या, निकिफोरच्या, शवपेटीवर खिळे ठोकताना धाकटा झाखार मला म्हणाला, "ताई, मी बिछान्यात मरणार. तुम्हाला माझं तोंड बघता येईल असा मरणार. आणि तुम्ही बायका उशाशी बसून माझ्या कोटावरून भांडाल."

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पेटी बंदच ठेवली होती, कारण निकिफोरचं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. वजन लागावं म्हणून आत दोन दगड टाकले होते, आणि उचलणाऱ्यांना ते गडगडताना ऐकू येत होते.

मी म्हटलं, "मग कोट जपून वापर."

आमच्या गावाला रस्ता नाही. कुस्कोक्विम नदी उन्हाळ्यात वाहते, हिवाळ्यात गोठते, आणि मधले काही आठवडे ना नाव चालते ना घसरगाडी. म्हणून ज्याच्या हातात थोडं काही जमतं तो विमान घेतो. दोन-चार माणसांचं, जुनं, आधी कुणीतरी एकदा पाडलेलं. आमच्या वडिलांचं तसंच होतं. त्यांनी वाळूच्या दांड्यावरून एका मूसचं, म्हणजे घोड्याहून मोठ्या हरणाचं, सगळं मांस, दोन पाहुणे आणि पंखाच्या दांडीला बाहेरून बांधलेली शिंगं एवढं घेऊन उड्डाण केलं. विमान घराएवढं वर चढलं, शेपटीवर बसल्यासारखं झालं आणि परत खाली आलं. निकिफोरने एका सकाळी एकाच पंखावरचं गोठलेलं दव झाडलं. दुसऱ्यावर कागदाएवढं पातळ राहिलं, तेवढ्यानेही पंख विमान उचलत नाही, पण घरात चहा निवत होता. चुलतभाऊ याकोने पावसात उघड्या राहिलेल्या पिपातलं पेट्रोल न गाळता ओतलं. नदीच्या मध्यावर इंजिन पाणी प्यायलं, मग याको प्यायला.

तीन पुरुष गेले आणि मागे झाखार राहिला. दोन वर्षांनी त्यानेही विमान घेतलंच. दुसरं करणार काय? पण प्रत्येक मेलेल्याकडून त्याने एकेक गोष्ट घेतली. वडिलांकडून तराजू, निकिफोरकडून केरसुणी, याकोकडून गाळायचं कातडं. पेट्रोल तो त्या मऊ कातड्यातून थेंब थेंब गाळायचा. दोन्ही पंख झाडायचा, मग हातमोजा काढून उघड्या तळव्याने चाचपायचा. आणि माणसांना मासळी तोलायच्या काट्याला लटकवून त्यांचं वजन करायचा.

आमची सुईण लुकेरिया अंगाने भरलेली होती. पलीकडच्या गावात एक बाई अडली होती, तिथे जायचं होतं. झाखारने लुकेरियाला पट्टा बांधून काट्याला लटकवलं.

"मेल्या, मला काय सॅमन समजलास?"

"सॅमन असतीस तर बरं होतं, मावशी. डोकं आणि आतडी इथेच काढून ठेवली असती."

"तुझ्या आईला तू झालास तेव्हा मीच तुला ओढून काढलं. सोडून दिला असता तर आज हा अपमान झाला नसता."

"ती थैली इथे ठेव. आणि तो वाळका मासाही."

"मासा माझ्या वाटेतला आहे!"

"मग खाली उतर आणि चालत खा."

तिने मासा ठेवला, पण जाईपर्यंत आणि आल्यावरही शिव्या दिल्या. वाफेच्या न्हाणीत पुरुष उघडे बसतात आणि तिथे कुणाची लाज ठेवत नाहीत. तिथे त्याला 'आजीबाई' नाव पडलं. टेकडी दिसली नाही की आजीबाई मागे फिरते. आजीबाईचा पदर दवाने ओला होतो. कुणी म्हणायचं, झाखार बायकोवर चढण्याआधीसुद्धा तिचं वजन करतो. त्याची बायको आग्राफेना हे ऐकून हसायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची. तिला चारचौघांत मान हवा होता, आणि तिच्या वाट्याला गावातला एकमेव भित्रा आला होता. तिने हे त्याला तोंडावर पुष्कळदा सांगितलं.

तो म्हणायचा, "बिछान्यात मरायचंय मला, फेना."

"मग आत्ताच आडवा हो. कशाला वाट बघतोस?"

सव्वीस वर्षं तो उडला. एवढ्या काळात नदीकाठच्या गावांतली अकरा विमानं पडली. झाखारचं चाकसुद्धा वाकलं नाही.

मग ती शरद ऋतूतली गोष्ट. माझा नवरा गुडघ्याने अधू झाला होता. माझा मुलगा मोक्सी आठ दिवस नाव घेऊन वरच्या ओढ्यांत फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. हिवाळा दारात होता, आणि माझ्या भांड्यात वाळक्या माशाशिवाय काही नव्हतं. मी झाखारकडे गेले. तो अंगणात कातडं पिळत होता.

मी म्हटलं, "माझा भाऊ आभाळात फिरतो आणि माझा मुलगा चिखलात. आभाळातून मूस दिसत नाहीत का रे?"

"दिसतात."

"मग?"

"विमानातून जनावर दाखवायचं नाही असा सरकारचा नियम आहे, ताई."

"बोलायचं नाही असा नियम आहे. फिरायचं नाही असा नाही."

आमच्याकडे सगळे तेच करतात. पायलट बोलत नाही, बिनतारीवर काही सांगत नाही. जनावराच्या वरून नुसता गोल फिरतो. खालच्या नावेतला माणूस समजतो आणि तिकडे वळतो. पुढे कुणी विचारलं तर माणूस म्हणतो, मला काय माहीत तो का फिरत होता, चक्कर आली असेल.

झाखार म्हणाला, "मला ते फिरणं आवडत नाही."

"का? त्याने कोण मेलं?"

त्याने थोडा विचार केला. "आपल्या घरात कुणी नाही."

"मग आवडून घे. आजीबाईने हिवाळ्यात नातवंडांना उपाशी ठेवलं असं म्हणतील लोक."

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी आज त्याला नावं ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने पेट्रोल गाळलं, पंख झाडले, स्वतःचं वजन केलं आणि गेला. पुढचं मोक्सीने सांगितलं. वळणापलीकडच्या दलदलीत एक मोठा नर मूस झुडपांत पडून होता, फक्त शिंगांची टोकं वर. मोक्सी नावेत, त्याला काठामुळे काही दिसेना. झाखार एकदा फिरला, मोठा गोल घेऊन. मोक्सी चुकीच्या ओढ्यात शिरला. झाखार पुन्हा फिरला, जवळून. मूस उठला आणि चालायला लागला, म्हणून तिसरा फेरा आणखी आवळला, आणखी हळू, कारण त्याला खाली बघायचं होतं. चौथ्या फेऱ्यात त्याने खिडकी उघडून हात बाहेर काढला आणि मोक्सीला खूण केली, तिकडे, तिकडे, गाढवा. तेव्हा तो मूसकडे बघत होता, मोक्सीकडे बघत होता, आणि विमानाकडे कुणीच बघत नव्हतं.

पंखाखाली वारा वेगाने यावा लागतो. आवळून वळलं की आणखी वेग लागतो, आणि हळू झालं की आतला पंख वारा सोडतो. हे झाखारने किती पोरांना शिकवलं होतं. आतला पंख खाली गेला. दोन झाडांइतकी उंची होती, सावरायला त्याला चार हव्या होत्या.

मोक्सीने आवाज ऐकला आणि काठावर चढला. समोर दलदलीत विमान नाकावर उभं, आणि चाळीस पावलांवर मूस, दचकून थांबलेला, विमानाकडे बघणारा. मोक्सीने बंदूक उचलली आणि आधी मूस मारला.

नंतर मी त्याला विचारलं, "तुझा मामा आत होता, आणि तू गोळी कशी झाडलीस?"

तो म्हणाला, "आई, मूस पळून गेला असता. मामा कुठे पळणार होता?"

मग तो विमानाकडे गेला. झाखार पट्ट्यात लटकला होता, काट्याला लटकवलेल्या लुकेरियासारखा.

"मामा, जिवंत आहेस?"

"गोळी कुठे लागली?"

"मानेत."

"मग आधी रक्त काढ. मांस काळं पडेल."

आणि या मूर्खाने ऐकलं. जाऊन मूसचा गळा कापून आला. मग झाखार म्हणाला, "आता माझे पाय बघ, कुठे गेले ते. मला सापडत नाहीत."

"आहेत की, मामा. बुटांतच आहेत."

"मग तेच माझ्याशी बोलत नाहीत."

शहरातल्या दवाखान्यात तो चार महिने होता. पाठीचा कणा मोडला होता, कमरेखाली काही उरलं नव्हतं. परत आणायला दुसऱ्याचं विमान होतं. त्या पायलटने वजन विचारलं तेव्हा झाखारने अचूक सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पाय काम करत नाहीत. तरी वजनात धरायचे का?" गाव धावपट्टीवर जमलं होतं. सगळे हसले. आग्राफेनासुद्धा हसली, आणि मग तिला दिसलं की त्याला उचलून घरी न्यायचं तिलाच आहे.

त्या मूसची पहिली फरी, म्हणजे पुढचा पाय, आमच्या रीतीप्रमाणे ज्याने जनावर दाखवलं त्याच्या घरी गेली होती. आग्राफेनाने ती वाळवून ठेवली होती. तिने रस्सा करून त्याला भरवला. मी शेजारीच होते.

"चव कशी आहे?" मी विचारलं.

"महाग," तो म्हणाला.

बाकीचा मूस आम्ही हिवाळाभर खाल्ला. चांगला चरबीदार होता. खोटं कशाला बोलू?

मग तो बिछान्यात पडला आणि अकरा वर्षं पडून राहिला. पलंग खिडकीशी लावला होता, धावपट्टी दिसावी म्हणून. पहिली दोन वर्षं लोक चहाला यायचे. न्हाणीतले मित्र म्हणायचे, गावात शब्दाला जागलेला एकटा झाखार, बिछाना म्हणाला आणि बिछाना मिळवला. तोही हसायचा. मग लोक कमी झाले. आग्राफेना त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची. मग दर चार तासांनी. मग संध्याकाळी समाजमंदिरात आकड्यांचा खेळ असायचा तिथे जायची, आणि तो ओल्यात पडून राहायचा. मी जाऊन बदलायचे. पाठीला जखमा झाल्या, त्यांत माझी मूठ मावली असती.

एकदा मी तिला बोलले. ती म्हणाली, "वन्सं, त्याला मूसमागे पाठवला तुम्ही. मी फक्त वळवते."

मोक्सीच्या बंदुकीबद्दल मात्र तिने कधी विचारलं नाही, तेवढा तिचा चांगुलपणा.

खिडकीतून झाखार विमानं बघायचा आणि ओरडायचा. "अरे, डावा पंख! डावा पंख झाडला नाहीस!" काचेतून कुणाला ऐकू जाणार? पोरं हात हलवायची. त्यांना वाटायचं, म्हातारा नमस्कार करतोय.

शेवटच्या दिवशी हात थंड पडायला लागले तेव्हा आम्ही दोघी उशाशी बसलो. खारीच्या कातड्याचा त्याचा कोट भिंतीला टांगला होता. अकरा वर्षं वापरला नव्हता, नव्यासारखा होता.

आग्राफेना म्हणाली, "कोट माझ्या भाच्याला देईन म्हणते."

मी म्हटलं, "आमच्या आईने शिवलेला आहे. तुझ्या भाच्याच्या खांद्याला तो पुरायचा नाही."

"अकरा वर्षं मी उपसलं. कोटावर तरी माझा हक्क असू दे."

"गू मीही उपसलाय."

"दिवसा. रात्री कोण होतं?"

झाखारने एक डोळा उघडला. "भांडताय?"

"नाही रे," मी म्हटलं.

"भांडा, भांडा. बरोबर चाललंय." मग म्हणाला, "पण तोवर तो कोट मला घाला. थंडी वाजतेय."

आम्ही दोघींनी त्याला उचलून कोट घातला. तासाभरात तो गेला. तोंड उघडं होतं, ते मी मिटवलं. सगळ्या गावाला त्याचं तोंड बघता आलं.

पण आम्ही आधी लोकांना बोलावलं, रडलो, चहा ठेवला, आणि तोपर्यंत त्याचे हात ताठ झाले. कोट निघेना. आग्राफेना खांद्याशी ओढत होती आणि मी मनगट धरलं होतं. शेवटी डावी बाही काखेपासून उसवावी लागली. फाटल्यावर तिला तो नको झाला, आणि तिने माझ्या अंगावर फेकला.

बाही मी शिवली. टाके दिसतात, पण वारा आत येत नाही.